स्वस्त ग्राफिक्स कार्ड आणि फुकटचें सामर्थ्य

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला, तो काखेंत एक चौकोनी खोकें घेऊनच. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षास आहे. खोक्यांत जुन्या मालाच्या बाजारांतून घेतलेलें एक ग्राफिक्स कार्ड होतें. शिकवण्या करून सांठविलेल्या पैशांतून त्यानें तें विकत घेतलें होतें. पायांतले जोडे काढण्यापूर्वींच तो म्हणाला, "मामा, ८९६ च्या भावांत मला १०२४ मिळाले! विकणाऱ्यानें आंतलें कुलूप अगोदरच काढून ठेवलें होतें."

कसले ८९६ आणि कसले १०२४, हें आम्हांस त्या वेळीं उमगलें नाहीं. 'फुकट तें पौष्टिक' ही म्हण आपल्याकडे उपहासानेंच वापरली जाते, एवढें मात्र मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. पुढें त्या कार्डाचें काय झालें तें लेखाच्या ओघांत येईलच. परंतु त्या निमित्तानें या विषयाची जी माहिती आम्हीं मिळविली, ती आमच्या वाचकांस सांगण्याजोगी वाटते; कारण ज्या घरांत महाविद्यालयांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां येणार, आणि तेव्हां वडील माणसांनीं नुसतें "नको ते उद्योग" म्हणून गप्प बसविणें पुरेसें होणार नाहीं.

कामकऱ्यांची पलटण

संगणकाच्या पडद्यावर दिसणारें चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. आज घरोघर आढळणाऱ्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकंदर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. हलतें चित्र डोळ्यांस सलग दिसावें म्हणून तें सेकंदास ६० वेळां नव्यानें रंगवावें लागतें. हिशेब केला तर सेकंदास १२ कोटी ४४ लाखांहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावयाचे! हें काम एका हुशार कारकुनाचें नव्हे. त्यास साध्या पण पुष्कळ कामकऱ्यांची पलटण पाहिजे. ग्राफिक्स कार्डावरील चिपमध्यें अशी पलटणच बसविलेली असते. माझ्या भाच्याचें ८९६ म्हणजे त्या कामकऱ्यांची संख्या. पलटण जितकी मोठी तितकें चित्र लवकर तयार होतें, आणि कार्डाची किंमतहि तितकीच चढत जाते.

येथें एक चमत्कारिक गोष्ट आहे. महाग कार्ड आणि स्वस्त कार्ड यांच्या चिपा पुष्कळदां एकाच सांच्यांतून निघालेल्या असतात. स्वस्त कार्डांत कामकरी कमी असतात असें नव्हे. कांहीं कामकऱ्यांच्या हातांस कुलूप लावलेलें असतें.

आंब्याच्या पेटीचा न्याय

असें कां करतात, तें समजण्यास कोंकणांतील आंब्याच्या बागाइतदाराकडे पाहावें. झाडावरून उतरलेले आंबे तो निवडतो. निर्दोष फळ पहिल्या प्रतीच्या पेटींत जातें. ज्याच्या सालीवर डाग आहे तें दुसऱ्या प्रतीच्या पेटींत, कमी भावानें. डागाळलेलें फळ फेकून देण्यापेक्षां हें केव्हांहि बरें. चिपांचेंहि तसेंच आहे. सिलिकनच्या एका चकतीवर शेंकडों चिपा एकदम कोरल्या जातात आणि त्यांतल्या कांहींत सूक्ष्म दोष राहतोच. चिपेचा एक कोपरा बिघडला असला, तर तेवढा भाग बंद करून ती खालच्या दर्जाचें नांव देऊन विकतां येते.

पुढें हंगाम जोरांत येतो. आंबे उत्तम निघूं लागतात, पण गिऱ्हाइकांची मागणी दुसऱ्या प्रतीच्या पेटीचीच अधिक असते. अशा वेळीं व्यापारी काय करील? चांगलींच फळें दुसऱ्या पेटींत भरील. चिपांच्या बाबतींतहि उत्पादन सुधारलें म्हणजे निर्दोष चिपांनाच कुलूप लावून त्या स्वस्त कार्डांवर बसविण्याची पाळी येते. म्हणून स्वस्त कार्ड घेणाऱ्याच्या हातांत आलेलें फळ डागाळलेलें आहे कीं पहिल्या प्रतीचें, हें वरून कळत नाहीं. कुलूप काढणाऱ्याची सारी आशा आणि सारा धोका एवढ्या एका अनिश्चिततेंत आहे.

सन २००२ ची गोष्ट

या उद्योगाचें सर्वांत गाजलेलें उदाहरण कॅनडांतील आहे. ऑन्टॅरिओ प्रांतांत मार्कहॅम येथें १९८५ सालीं स्थापन झालेली एटीआय ही कंपनी ग्राफिक्स कार्डें बनवीत असे. २००६ सालीं ती अमेरिकेंतील एएमडी कंपनीनें विकत घेतली. २००२ च्या ऑगस्टमध्यें एटीआयनें रेडिऑन ९७०० प्रो हें कार्ड बाजारांत आणलें. त्याच्या चिपेंत दहा कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर होते, ठिपके रंगविण्याच्या आठ पाइपलाइनी होत्या, आणि किंमत होती ३९९ डॉलर. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिऑन ९५०० नांवाचें धाकटें भावंड आलें. त्याची किंमत थोरल्याच्या निम्म्याहून कमी होती, आणि पाइपलाइनी चार.

परंतु १२८ मेगाबाइट स्मृतीच्या कित्येक ९५०० कार्डांचे खिळे-फळ्या सगळ्या ९७०० च्याच होत्या! चिप तीच, पट्टी तीच, स्मृतीच्या चिपा मुख्य चिपेभोंवतीं काटकोनांत मांडण्याची ठेवणहि तीच. जाणत्यांच्या लक्षांत तें लगेच आलें. चिपेच्या बैठकीवरील एक इवलासा रेझिस्टर हलविला म्हणजे बंद पाइपलाइनी सुरू होतात, असें प्रथम आढळलें. पुढें डाखहि नको आणि चिमटाहि नको, रिवाट्यूनर नांवाच्या प्रोग्रॅमनें ड्रायव्हरमध्यें थोडा फेरफार केला कीं काम होतें, असा शोध लागला. ९५०० आणि साधें ९७०० या दोहोंची गति २७५ मेगाहर्ट्झच होती. त्यामुळें चार पाइपलाइनींचे सेकंदास ११० कोटी ठिपके होत, ते आठ सुरू होतांच २२० कोटी झाले. वर एक पैसा न खर्चितां सामर्थ्य दुप्पट!

सगळ्यांचें नशीब मात्र सारखें नव्हतें. कांहींच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटूं लागले. त्यांच्या चिपेवरचें कुलूप खरोखरच डागासाठीं लावलेलें होतें. तरी त्या पद्धतींत एक मोठा गुण होता. फेरफार ड्रायव्हरमधला असल्यामुळें मूळ ड्रायव्हर पुन्हां बसविला कीं कार्ड पूर्ववत् होई. प्रयोग फसला तरी वस्तु हातची जात नसे. पुढल्याच वर्षीं, २००३ सालीं, कंपनीनें ९५०० च्या जागीं ९६०० हें कार्ड आणलें. त्याच्या चिपेंत पाइपलाइनी जन्मतःच चार होत्या. मग कुलूप काढावयाचें तें कशाचें?

बायोस बदलण्याचा मार्ग

दुसरें प्रसिद्ध उदाहरण २०१० च्या डिसेंबरांतलें. एएमडीच्या रेडिऑन एचडी ६९७० या कार्डांत १५३६ कामकरी होते आणि एचडी ६९५० मध्यें १४०८. किंमती अनुक्रमें ३६९ व २९९ डॉलर. कार्डाच्या अंगावर एका लहान चिपेंत बायोस नांवाची आज्ञावली लिहिलेली असते. कार्ड जागें होतांच ती त्याला तूं कोण, तुझे कामकरी किती, गति काय, विद्युद्दाब किती, हें सारें सांगते. ६९५० मध्यें ६९७० ची आज्ञावली लिहिली कीं झोंपलेले १२८ कामकरी उठून बसत, असें थोड्याच दिवसांत उघड झालें. शिवाय त्या कार्डावर दोन बायोस व त्यांमध्यें एक खटका होता. एक बिघडलें तर खटका फिरवून दुसऱ्यावर कार्ड सुरू करतां येई. साहसी माणसास यापेक्षां अधिक सोय ती कोणती?

पण याच उदाहरणांत पहिली मोठी शिकवण आहे. थोरल्याची आज्ञावली जशीच्या तशी धाकट्यास दिली म्हणजे नुसते कामकरी जागे होत नाहींत. गति व विद्युद्दाबहि थोरल्याचे लागू होतात. ६९५० च्या स्मृतीच्या चिपा ५ गिगाबिटांच्या गतीसाठीं होत्या. ६९७० ची आज्ञावली त्यांना ५.५ नें पळवूं लागे. थोरल्याच्या अंगावर मुळांतच ६ गिगाबिटांच्या चिपा असल्यामुळें त्याला तें जड नव्हतें. विजेचेंहि तसेंच. थोरल्याची कमाल मर्यादा २५० वॉट, धाकट्याची २००. धाकट्याला खांचेंतून ७५ आणि सहा टोंकांच्या दोन जोडांतून प्रत्येकीं ७५, म्हणजे २२५ वॉट घेण्याची मुभा; थोरल्याचा एक जोड आठ टोंकांचा असल्यामुळें ती मुभा ३०० वॉटांची. थोरल्याचा अंगरखा धाकट्याला होईल, थोरल्याचें ओझें होईलच असें नाहीं. म्हणून जे विचारी होते त्यांनीं फक्त कामकऱ्यांचें कुलूप काढलें. गति व दाब मूळचेच ठेवले.

लाभ किती आणि कोणता

आतां निव्वळ लाभाचा हिशेब पाहूं. ९५०० मध्यें चाराचे आठ झाले, ही दुप्पट. ६९५० मध्यें १४०८ चे १५३६ झाले, म्हणजे वाढ शेंकडा नऊ. माझ्या भाच्याचें कार्ड आरएक्स ४६०, सन २०१६ चें. त्यांत ८९६ चे १०२४ झाले, म्हणजे शेंकडा चौदा. परंतु कामकरी शेंकडा चौदा वाढले म्हणून काम तितकेंच वाढेल असें समजूं नये. स्वयंपाकघरांत पोळ्या लाटणाऱ्या दोघींच्या तिघी झाल्या, तरी तवा एकच असला तर पंगत कितीशी लवकर उठणार? स्मृतींतून माल आणण्याची वाट तेवढीच राहते, आणि तेथेंच अडतें.

तेव्हां कालानुक्रमें पाहिलें तर लाभ घटत गेला आहे. मार्गहि अरुंद होत गेले आहेत. पुष्कळ चिपांतील बंद भाग आतां कारखान्यांतच कायमचे तोडलेले असतात. एनव्हिडिया कंपनीनें नव्या कार्डांच्या आज्ञावलीवर डिजिटल सही तपासण्याची व्यवस्था केली, त्यामुळें बदललेली आज्ञावली कार्ड सहसा स्वीकारीत नाहीं.

तरी दोन लाभ आम्हांस खरे वाटतात. एक, जुनें कार्ड आणखी वर्ष-दोन वर्षें कामास येतें व घरचा पैसा आणि कचरा दोन्ही वांचतात. दुसरा त्याहून मोठा : जो मुलगा स्वतः आज्ञावलीची प्रत काढून ठेवतो, आंकडे ताडून पाहतो, चुकतो व दुरुस्त करतो, त्याला यंत्राचें अंतरंग जितकें कळतें तितकें पुस्तक वाचून कळत नाहीं. लहानपणीं घड्याळ उघडून पाहिल्याबद्दल मार खाल्लेले पुढें उत्तम कारागीर झालेले आपण पाहिले आहेत.

धोके

विजेचा धोका प्रथम सांगतों. चिपेस लागणारी वीज गतीच्या पटींत वाढते, आणि विद्युद्दाबाच्या तर वर्गाच्या पटींत. गति शेंकडा दहा व दाब शेंकडा दहा वाढविला, तर विजेचा खर्च शेंकडा वीस नव्हे, शेंकडा तेहतीस वाढतो. ही सगळी वीज शेवटीं उष्णताच होते. स्वस्त कार्डावरचा पंखा, धातूची जाळी आणि वीज पुरविणारे घटक त्या मानानें बेताचेच असतात. उष्णता व दाब यांनीं चिपेंतील तारांचे अणु हळूहळू सरकूं लागतात व कार्डाचें आयुष्य कमी होतें. हा रोग महिनोन्महिने दिसत नाहीं, दिसतो तेव्हां उपाय उरत नाहीं. संगणकांतला वीजपुरवठ्याचा डबा हलक्या प्रतीचा असेल तर त्यावर हा वाढीव भार टाकणें हें घराच्याच दृष्टीनें अविचाराचें आहे.

दुसरा धोका आज्ञावली लिहीत असतांनाचा. तें काम कांहीं सेकंदांचेंच. पण तेवढ्यांत वीज गेली तर कार्ड मुकें होतें. आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, म्हणून यूपीएस नसतांना हें काम कधींहि करूं नये. चुकीची आज्ञावली लिहिली गेली तरी तोच परिणाम. एकाच नांवाच्या दोन कार्डांत स्मृतीच्या चिपा निरनिराळ्या कंपन्यांच्या असतात आणि एकीची आज्ञावली दुसरीला चालतेच असें नाहीं.

तिसरा धोका सर्वांत कपटी, आणि तो आमच्या भाच्यासच भोगावा लागला. खेळ खेळतांना त्याचें कार्ड उत्तम चाले. पावसाळा लागल्यावर त्याच्या महाविद्यालयांत एक लहानसा चित्रपट संगणकावर तयार करून देण्याचें काम निघालें. तीन रात्री कार्ड अखंड चाललें. चौथ्या सकाळीं पाहतो तों शेंकडों चित्रांतून कोठें पांढरे ठिपके, कोठें काळा चौकोन. यंत्र बंद पडलें नव्हतें, कांहीं कुरकुरलें नव्हतें. तें निमूटपणें चुकीचें काम करीत होतें. खेळांत एखादा ठिपका क्षणभर चुकला तर डोळ्यांस कळत नाहीं. हिशेबांत वा चित्रांत ती चूक कायमची राहते. त्यानें आम्हांस दूरध्वनि केला तेव्हां काम देण्यास दोन दिवस उरले होते. जागे केलेल्या १२८ कामकऱ्यांत कोणी आजारी होता, हें त्याला तेव्हां कळलें. त्यानें त्याच कार्डाची मूळ आज्ञावली शोधून पुन्हां लिहिली, १०२४ चे ८९६ झाले, आणि दोन रात्री जागून सगळीं चित्रें नव्यानें काढलीं. एकहि ठिपका चुकला नाहीं. फुकटचें गेलें, विकतचें राहिलें.

सचोटीचा प्रश्न

असें कुलूप काढणें ही चोरी आहे काय, असें आमच्या घरांत कोणीं विचारलें. आमचें मत असें कीं, पैसे देऊन घेतलेली वस्तु आपली आहे आणि तिच्या आंत डोकावण्याचा आपणांस अधिकार आहे. परंतु त्या अधिकाराबरोबर फळाची जबाबदारीहि येते. आज्ञावली बदलल्यानें वॉरंटी सामान्यतः संपते. कार्ड जळाल्यावर खटका पूर्ववत् फिरवून "आपोआप बिघडलें हो" म्हणून दुकानदारापुढें भोळेपणा धारण करणें ही मात्र उघड लबाडी होय, आणि शिकल्यासवरल्या घरांतील मुलें ती हंसत हंसत सांगतात याचें आम्हांस दुःख वाटतें.

हीच विद्या दुर्जनाच्या हातीं पडली म्हणजे काय होतें, तेंहि पाहावें. जुन्या, मंद कार्डावर नव्या कार्डाच्या नांवाची आज्ञावली लिहून तें नवें म्हणून विकणारे लोक निघाले. जीपीयू-झेड नांवाच्या तपासणीच्या प्रोग्रॅममध्यें २०१८ सालीं अशीं तोतयी कार्डें ओळखण्याची सोयच करावी लागली. आभासी चलनाच्या उत्खननासाठीं रात्रंदिवस राबविलेलीं कार्डें तर २०२२ च्या सप्टेंबरनंतर जुन्या बाजारांत फार आलीं. कारण इथेरियम या चलनाची पद्धतच तेव्हां बदलली व कार्डांचें तें काम संपलें. त्यांतील कित्येकांच्या आज्ञावल्या त्या कामापुरत्या बदललेल्या होत्या. म्हणून जुनें कार्ड घेतांना त्यावरील आंकडे मूळ आंकड्यांशीं ताडून पाहावेत आणि तें निदान तासभर भाराखालीं चालवून पाहावें.

मग करावें काय?

ज्यास केवळ लाभ पाहिजे आणि धोका नको, त्यानें उलट दिशेनें जावें. कार्डावरची धूळ झाडावी. फार जुनें असल्यास चिप व जाळी यांमधील वाळलेला लेप बदलावा. आणि विद्युद्दाब वाढविण्याऐवजीं थोडा कमी करून पाहावा. दाब १.१० व्होल्टांवरून १.०० वर आणला व गति तीच राहिली, तर वीज सुमारें शेंकडा सतरा वांचते, पंख्याचा आवाज उतरतो, आणि थंड राहिल्यामुळें कार्ड आपली गति शेवटपर्यंत टिकवितें. हा फेरफार ड्रायव्हरमधूनच होतो. कमी दाब न मानवल्यास संगणक अडतो, पुन्हां सुरू करून जुना आंकडा ठेवला कीं झालें.

आणि ज्यास कुलूपच काढावयाचें असेल, त्यानें तें वॉरंटी संपलेल्या व स्वतःच्या पैशाच्या कार्डावर काढावें. मूळ आज्ञावलीची प्रत दुसरीकडे जपून ठेवावी. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. आणि ज्या कार्डावर परीक्षेचें वा पोटाचें काम अवलंबून आहे त्याच्या वाटेस जाऊं नये.

दिवाळींत भाचा पुन्हां आला. तें कार्ड विकून दुसरें घेण्याचा त्याचा बेत होता. गिऱ्हाईकहि ठरलें होतें, त्याच्याच महाविद्यालयांतला पहिल्या वर्षाचा एक मुलगा. "मामा, १०२४ करून दाखविलें तर पांचशें रुपये जास्त येतील," तो म्हणाला आणि गप्प बसला. आम्हीहि कांहीं बोललों नाहीं. थोड्या वेळानें त्यानें कागदाची एक चिठ्ठी लिहून खोक्याच्या झांकणावर आंतून चिकटविली : "यांतील १२८ घटक बंद आहेत, ते बंदच ठेवावेत. उघडल्यास चित्रांत चुका होतात. मीं अनुभव घेतला आहे."

पांचशें रुपये कमी आले. तें नुकसान त्यानें आईला सांगितलें, तेव्हां ती एवढेंच म्हणाली, "बरें झालें. तुला विकणाऱ्यानें अशी चिठ्ठी लिहिली असती, तर तुझ्या त्या रात्री वांचल्या असत्या."